दोनशे छप्पन्न मरून

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटजवळ बाहुबली मगदूम यांचं 'वर्धमान मॅचिंग सेंटर' होतं. सन २०४१ मध्येही ते होतं, याचं अनेकांना आश्चर्य वाटे. कापड घरबसल्या मिळत होतं, शिवून मिळत होतं, आवडलं नाही तर ड्रोन येऊन परत नेत होता. फक्त साडीला ब्लाउजपीस मॅच करणं कुठल्याही यंत्राला नीट जमलं नव्हतं. यंत्र म्हणे, "सत्त्याण्णव टक्के जुळते." उरलेल्या तीन टक्क्यांवर बाहुअण्णांचं दुकान चाले.

अण्णांकडे ब्लाउजच्या टू बाय टू रुबिया कापडाच्या सहाशे चाळीस शेड होत्या. त्यात नुसते मरून त्रेचाळीस. साडी पाहिली की अण्णा मागे न वळता हात लांब करत आणि गठ्ठ्यातून नेमका तुकडा ओढत. बाई तो तुकडा आणि साडी घेऊन दारात जाई, उन्हात धरून बघे (ट्यूबलाइटवर विश्वास ठेवणारी बाई मिरजेत अजून जन्माला यायची आहे) आणि परत येऊन म्हणे, "बरोबर आहे." छान आहे असं कुणी म्हणत नसे. मॅचिंगमध्ये छान नसतं. बरोबर असतं किंवा चूक असतं.

चौसष्टाव्या वर्षी अण्णांना मोतीबिंदू झाला. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि पिवळं पडत जातं. पण इतकं हळू, की ज्याचं पडतं त्याला पत्ता नसतो. दुधात रोज चिमूटभर हळद टाकत गेलं, तर दूध कुठल्या तारखेला पिवळं झालं हे सांगता येत नाही. अण्णांचं गेली दोन वर्षं ठाम मत होतं, की मिलवाले निळ्या रंगात भेसळ करतात.

शेवटी त्रिशलाकाकी त्यांना डॉ. नाझनीन मुजावर यांच्याकडे घेऊन गेल्या. त्रिशलाकाकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. दुकानातल्या कोपऱ्यात त्या फॉल-पिकोचं मशीन चालवत आणि बोलत कमी.

"साधं भिंग बसवा की डॉक्टर," अण्णा म्हणाले. "आमच्या थोरल्या भावाला बसवलं होतं. अठरा वर्षं चाललं."

"साधी भिंगं बंद झाली, अण्णा."

"का ओ?"

"त्यांना अपडेट करता येत नव्हतं."

"ह्यांनाही करता येत नाही," त्रिशलाकाकी म्हणाल्या. "पण चालू आहेत."

बाजारात दोनच भिंगं उरली होती. एक खासगी, नाव 'नयनोत्सव'. दुसरं सरकारी, 'सुदृष्टी'. डॉक्टरांनी आधी 'नयनोत्सव'चा नमुना म्हणून एक जाड चष्मा अण्णांच्या डोळ्यांवर चढवला.

"ह्यात फिल्टर आहेत," त्या म्हणाल्या. "आपण बघतो ते चित्र म्हणजे ठिपक्यांचा कागद समजा. फिल्टर एकेका ठिपक्यापाशी जातो, त्याच्या आजूबाजूच्या आठ शेजाऱ्यांची चौकशी करतो आणि मग त्याला बदलतो. शेजाऱ्यांची सरासरी काढून दिली, की सगळं मऊ दिसतं, सुरकुत्या जातात. शेजाऱ्यांपेक्षा तो किती वेगळा आहे हे वाढवून दाखवलं, की कडा धारदार होतात. आणि शेजाऱ्यांना ओळीत उभं करून मधला निवडला आणि 'तू ह्याच्यासारखा हो' म्हटलं, की धुळीचे बारके ठिपके गायब."

"म्हणजे हाउसिंग सोसायटी," त्रिशलाकाकी म्हणाल्या.

अण्णांनी चष्म्यातून पाहिलं. दवाखान्याच्या भिंती नुकत्या रंगवल्यासारख्या झाल्या होत्या. त्रिशलाकाकी पस्तिशीच्या दिसत होत्या. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"कशी दिसते?" काकींनी विचारलं.

"चांगली दिसतीस. पण सकाळी बुट्टीची साडी नेसली होतीस ना?"

"ही काय, बुट्टीचीच आहे."

"प्लेन दिसतीय."

फिल्टरने पदरावरच्या साडेतीनशे बुट्ट्या धूळ समजून झाडून टाकल्या होत्या. डॉक्टरांच्या नाकातली चमकीही गेली होती.

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्याला बुट्टी आणि धूळ कळत नाही, ते डोळ्यात घालून मी गल्ल्यावर बसू?"

"फिल्टर बंद करता येतात. त्यासाठी वरचं 'नैसर्गिक' पॅकेज घ्यावं लागतं. ते सध्या फक्त पुण्यात मिळतं."

"आणि सरकारी?"

"सरकारीत फिल्टर नाहीत. पण रंग दोनशे छप्पन्न." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "पूर्ण रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे लागतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. त्यांच्या मिसळणीतनं एक कोटी सदुसष्ट लाख रंग होतात. तेवढी ताकद सरकारी भिंगात नाही, ते पापणीच्या उघडझापीवर चालतं. म्हणून तिथं ठिपक्याला एकच आकडा. आणि सोबत एक यादी. एक नंबर म्हणजे अमका रंग, दोन नंबर म्हणजे तमका."

"शेड कार्ड!" अण्णांचा चेहरा उजळला.

"शेड कार्डच. समोर जो रंग येईल, त्याला यादीतला सगळ्यात जवळचा नंबर."

"माझ्या दुकानात सहाशे चाळीस आहेत."

"सरकारात दोनशे छप्पन्न आहेत."

अण्णांनी विचार केला. खोटं दाखवण्यापेक्षा कमी दाखवलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. हा निर्णय तत्त्वाचा होता. त्यामुळे त्याचा त्रास होणार हे उघड होतं.

सुदृष्टीची यादी अकरा जणांच्या समितीनं तीन वर्षं बसून केली होती. समितीत रंगाशी संबंध असलेला एकच माणूस होता, आणि तो नाटकातला होता. यादीत अकरा पांढरे होते, कारण प्रत्येक सदस्याला आपलाच सदरा पांढरा वाटत होता. सगळ्या पक्षांच्या झेंड्यांचे रंग राजकीय समतोल म्हणून घेतले होते. फायलींच्या पुठ्ठ्याचे नऊ तपकिरी होते. वांगी रंगावर हरकती आल्यानं तो राखून ठेवला होता. तोवर वांगी शाईच्या निळ्या रंगाची दिसत. मरून एक होता.

यादीत नसलेले काही रंग भिंग ठिपके मिसळून निभावून नेई. दोन रंगांचे ठिपके शेजारीशेजारी टाकायचे, लांबून तिसरा वाटतो. जवळ गेलं की रांगोळी विस्कटते. त्रिशलाकाकींचा चेहरा असा तीन नंबरांच्या ठिपक्यांतून बनला होता, कारण 'गव्हाळ' म्हणजे नेमका कुठला, यावर समितीत एकमत झालं नव्हतं.

पट्टी काढल्यावर अण्णा दुकानात आले, गादीवर बसले आणि मरूनच्या कप्प्याकडे वळले. त्रेचाळीस गठ्ठ्यांच्या जागी एकच मरून भिंत उभी होती.

तेवढ्यात खोत वहिनी आल्या. "अण्णा, कसं काय, दिसायला लागलं का झकास? ह्या साडीवर द्या बघू."

दिसायला लागलं होतं. गठ्ठ्यांवरचे शेड नंबरही स्वच्छ दिसत होते. अण्णांनी सवयीनं हात लांब केला आणि एकशे अठरा ओढला. त्रिशलाकाकी उठल्या, "घडी घालून देते" म्हणाल्या, तुकडा घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि परत आल्या. वहिनी दारात जाऊन आल्या. "बरोबर आहे."

वहिनी गेल्यावर अण्णा म्हणाले, "मी एकशे अठरा दिला होता."

"हो."

"त्यांच्या पिशवीत एकशे एकवीस गेला. चिठ्ठी वाचली मी."

"हो."

"कधीपासनं चाललंय हे?"

काकींनी दोरा दातांनी तोडला. "दोन वर्षं झाली. आधी आठवड्यातनं एकदा. मग रोज."

"आणि आता?"

"आता तुमचा हात पुढं व्हायच्या आधीच काढून ठेवते."

ज्या डोळ्याबद्दल सगळी मिरज त्यांना नमस्कार करत होती, तो दोन वर्षं फॉल-पिकोच्या मशीनवर बसला होता, हे अण्णांना त्या दिवशी कळलं. ते दुपारी जेवले, पण चटणी मागितली नाही. घरात याला उपोषण समजलं जाई.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच डॉक्टरांकडे गेले.

"एक सोय आहे," डॉ. मुजावर जरा आवाज उतरवून म्हणाल्या. "आम्ही सांगत नाही, कारण लोक मग वापरतात. डोळे दहा सेकंद घट्ट मिटून उघडले, की भिंग समितीची यादी बाजूला ठेवतं आणि समोर जे दिसतंय त्यावरनं नवी करतं. कुठला रंग किती ठिपक्यांत आहे ते मोजायचं. ज्याची गर्दी जास्त, त्याला जागा जास्त."

"म्हणजे निवडणूक."

"तशीच काहीशी. ज्यांची गर्दी नाही, ते जवळच्या मोठ्यात जाऊन मिळतात."

"म्हणजे निवडणूकच."

अण्णा दुकानात आले. मरूनच्या कप्प्याला नाक लावून उभे राहिले, दहा आकडे मोजले आणि डोळे उघडले.

समोर मरूनच मरून असल्यानं दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न जागा मरूनला मिळाल्या होत्या. अण्णांना जन्मात दिसले नव्हते असे मरून दिसले. विटेकडे झुकणारा, वांग्याकडे झुकणारा, झुकायचा नुसता विचार करणारा. एकाच ताग्याचा उन्हाकडचा काठ आणि भिंतीकडचा काठ वेगळे दिसत होते. कुठला गठ्ठा सकाळच्या घाण्यातला आणि कुठला दुपारच्या, जेव्हा रंगारी जेवायला गेला होता, तेही दिसत होतं.

महिन्याभरात कोल्हापूर, सोलापूर आणि थेट इळकलहून व्यापारी साड्या घेऊन यायला लागले. अण्णा तुकडा देत, व्यापारी दारात जाई आणि गप्प होऊन परत येई. अण्णांनी दारावर पाटी लावली: सोमवारी मरून, मंगळवारी हिरवे, बुधवारी निळे. कारण यादी एकदा मरूनची झाली, की मागे वळल्यावर रस्ता मरून, भाजीवाला मरून आणि भाजीही मरून. हिरव्या वारी चहा शेवाळी दिसे. घरी गेल्यावर पुन्हा डोळे मिटून यादी बदलायचं अण्णांच्या लक्षात राहत नसे. लक्षात राहिलं तरी करावंसं वाटत नसे, कारण सकाळी कप्प्यासमोर पुन्हा पहिल्यापासून.

"आता तू बदलाबदली करायची गरज नाही," ते काकींना म्हणाले. "नुसतं फॉल-पिको बघ."

"बघते," काकी म्हणाल्या.

एकदा त्यांनी विचारलं, "ही साडी कशी आहे?"

"शेहेचाळीस नंबर," अण्णा म्हणाले.

मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचे नऊ रंग, आणि त्या त्या दिवशी अख्ख्या गावातल्या बायका त्या एका रंगात. मॅचिंग सेंटरवाल्यांची ही सुगी. पाचवा दिवस राखाडीचा होता. अण्णांनी सकाळी दारात उभं राहून, समोरून येणारी राखाडी बायकांची रांग बघत, दहा आकडे मोजले. भिंगानं मतमोजणी केली आणि सगळ्या जागा राखाडीला दिल्या. दोनशे छप्पन्न राखाडी, काळ्याकुट्टापासून पांढऱ्याफेक चांदीपर्यंत. फोटोवाले ज्याला कृष्णधवल म्हणतात, ते हेच. अशा चित्रात रंग उरत नाहीत, नुसता उजेड किती तेवढं उरतं. तितकाच उजेड टाकणारे लाल, हिरवे, निळे सगळे एका राखाडीत बसतात आणि मग कोण कोण होतं ते विचारून उपयोग नसतो.

त्या दुपारपर्यंत अण्णांनी तीस बायकांना तीस तुकडे दिले. एकही परत आला नाही. दुकान गच्च भरलं होतं. काकी मशीनवरून उठल्या आणि गादीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कशी आहे साडी?"

अण्णांनी मान वर केली. "बरं केलंस, तू पण राखाडी नेसलीस. जरा गडद आहे, पण चालंल."

खोत वहिनींनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला. "अण्णा, अहो, काकी लालभडक नेसल्यात ओ! कुंकवाचा रंग आहे!"

"लाल? ह्यात लाल कुठंय?" अण्णा व्यावसायिक आवाजात म्हणाले. "एकशे दोन नंबरचा राखाडी आहे हा. माझ्यापुढं रंगाचं सांगू नका, वहिनी."

काकी चिडल्या नाहीत. त्या मशीनकडे गेल्या, सुई वर केली आणि मशीनवर कापड टाकलं.

"नांदणीला जाते," त्या म्हणाल्या. "दादाकडं. मी राखाडी आहे का लाल, हे ज्या दिवशी दिसंल त्या दिवशी फोन करा."

"अगं, सत्तर साड्यांचे फॉल राहिलेत!"

"राखाडी दोरा वरच्या खणात आहे," काकी म्हणाल्या आणि बस स्टँडकडे चालू लागल्या.

पुढचे दोन दिवस अण्णांचं मॅचिंग अचूक होतं. पण बाई तुकडा घेई, दारात जाई, बरोबर आहे म्हणे आणि विचारी, "काकी कधी येणार?"

"मॅचिंग मी करतो, बाई."

"ते कोण नाही म्हणतंय? पण काकी कधी येणार?"

तिसऱ्या दिवशी अण्णांनी दुकान बंद ठेवलं. नवरात्रात वर्धमान मॅचिंग बंद, म्हणजे एखादं देऊळ बंद असावं तसं लोक थांबून बघत होते. अण्णा डॉक्टरांसमोर बसले होते.

"हिला बघायचंय," ते म्हणाले.

"मग समितीच्या यादीवर परत जा."

"त्यात ही तीन ठिपक्यांची दिसते."

डॉक्टरांनी खणातून एक फॉर्म काढला. "नमुना क. आपली यादी आपण करायची. दोनशे छप्पन्न ओळी. पण एकदाच, अण्णा. ही यादी भरली, की डोळे मिटून बदलायची सोय कायमची बंद. जे लिहाल तेवढंच जन्मभर दिसणार."

अण्णा फॉर्म घेऊन नांदणीला गेले. मेहुण्यांच्या सोप्यात काकी शेंगा निवडत बसल्या होत्या. अण्णांनी फोन केला नव्हता, कारण अजून काही दिसत नव्हतं.

"यादी करायची आहे," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय जमणार नाही."

काकींनी सूप बाजूला सरकवलं. "लिहा."

अण्णांनी आधी कच्च्या कागदावर त्रेचाळीस मरून लिहिले.

"दुकान झालं," काकी म्हणाल्या. "आता घर. चहा लिहा. दोन."

"दोन कशाला?"

"एक माझा, एक तुमच्या बहिणीचा."

"तिच्या चहाला स्वतंत्र रंग?"

"लांबनंच ओळखून नको म्हणता यावं म्हणून."

अण्णांनी लिहिलं. "तुला एक गव्हाळ."

"एकच? उन्हातनं आल्यावर वेगळी दिसते. तापात वेगळी. चिडल्यावर वेगळी."

"चिडल्यावरची मला पाठ आहे. त्याला ओळ नको."

भाकरीला तीन लागले: कच्ची, झालेली आणि करपायच्या बेताची. डाळिंबाला चार. पिकत्या आंब्याला काकींनी अकरा मागितले आणि अण्णांनी नऊवर तोडगा काढला. नातीच्या डोळ्यांचा घारा कुणालाच शब्दात सांगता येईना, म्हणून त्याला अंदाजे सहा ओळी ठेवल्या. तिन्हीसांजेपर्यंत तीनशे एक्क्याण्णव रंग झाले होते आणि आकाश अजून घ्यायचं होतं.

"खोडावं लागणार," काकी म्हणाल्या.

अण्णांनी पेन घेतलं. त्यांनी डाळिंबाला हात लावला नाही, गव्हाळाला लावला नाही. यादीच्या सुरुवातीला गेले आणि मरून खोडायला लागले. त्रेचाळीसचे तीस झाले. तीसचे बारा. बाराचे चार.

काकींनी त्यांचं मनगट धरलं. "अहो, मरून काढल्यावर तुम्ही उरणार किती?"

"मग काय करू?"

"खड्ड्यात गेली यादी. फॉर्म कोराच देऊन टाका."

"रिकामी ओळ चालत नाही. मागं लिहिलंय."

काकींनी फॉर्म उलटा केला. सरकारी फॉर्मची मागची बाजू वाचणारी माणसं थोडी असतात. सतराव्या सूचनेवर त्यांचं बोट थांबलं. एखाद्या क्रमांकास रंग न देता पारदर्शक ठेवावयाचे असल्यास 'पा' असे लिहावे.

त्यांनी डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. "हे 'पा' काय असतं?"

"ते आमच्यासाठी असतं, काकी. डोळ्याच्या आतला पडदा तपासताना लागतं. त्या नंबरचा जिथं जिथं ठिपका असेल, तिथं भिंग काही करत नाही. येईल तो उजेड जसाच्या तसा आत सोडतं."

"सगळ्या ओळींना 'पा' लिहिलं तर?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"लिहू नये असं कुठंच लिहिलेलं नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "या अल्ला. पण अण्णांना नीट सांगा. ते दोनशे छप्पन्न मरून परत कधी दिसणार नाहीत. वयाच्या मानानं चाळीसेक दिसले तरी खूप. इळकलचे व्यापारी येणार नाहीत मग."

काकींनी फोन अण्णांच्या तोंडासमोर धरला. अण्णांनी फॉर्म पुढे ओढला आणि पहिल्या ओळीत 'पा' लिहिलं. ऐंशीव्या ओळीला हात दुखायला लागला, तेव्हा पुढचं काकींनी लिहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी यादी भिंगात भरली. अण्णांनी डोळे उघडले. समोर त्रिशलाकाकी उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

अण्णा बघत राहिले. चेहरा त्यांनी नीट, सगळीकडून पाहून घेतला. सुरकुत्या सगळ्या जागेवर होत्या. मग त्यांची नजर खाली साडीवर आली.

"आमसुली," ते म्हणाले. "काठ चिंतामणी. आणि फॉल अर्धा शेड उजळ लागलाय."

"मी लावलाय तो."

"म्हणूनच सांगतोय."

"उजळ नाही, बरोबर आहे," काकी म्हणाल्या. "चला, सत्तर साड्या राहिल्यात."

व्यापारी यायचे थांबले. मिरजेच्या बायका येतच होत्या. आता अण्णा तुकडा काढत, काकी मशीनवरून एक नजर टाकत, आणि दोघांचं पटलं तरच तो दारापर्यंत जाई. पटलं नाही, तर बाई निवांत स्टूलावर बसून ऐके. काही जणी त्यासाठी साडी नसतानाही येत.

महिन्याभरानं सुदृष्टी कक्षाचं पत्र आलं. 'आपल्या नमुना क मध्ये दोनशे छप्पन्नपैकी एकही रंग नमूद असल्याचे आढळत नाही. सबब, आपणांस सद्यःस्थितीत एकूण किती रंग दिसतात ते आठ दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा आपणांस दिसत नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

दोघं कप्प्यासमोर स्टूल टाकून बसले. उत्तर काकींच्या अक्षरात नवव्या दिवशी गेलं.

'महोदय, मोजणी सुरू आहे. सध्या मरूनवर अडली आहे. हे त्रेचाळीस म्हणतात, मी चव्वेचाळीस. मुदत वाढवून मिळावी.'